तळमजल्याचा छोटा फ्लॅट घेताना : भिंती मागून पाहा, वारस आधी मोजा

दुकानात गिऱ्हाइकाला कापड दाखवता दाखवता आमच्या कानावर महिन्यातून दोनदा तरी एक वाक्य पडते. "एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर, तळमजला, दोन खोल्या, पाणी भरपूर, मालक गरजू आहे, भाव मोकळा आहे." बुलढाणा असो, मलकापूर असो, खामगाव असो की चिखली, वाक्य तेच असते, फक्त स्टँडचे नाव बदलते. ऐकणाराही बहुधा आपल्यातलाच असतो. कोणी शिवणकाम करणारा, कोणी फळांचा व्यापारी, कोणी वेल्डिंगचे दुकान चालवणारा. आयुष्यभर भाड्याच्या खोलीत काढलेली असतात, हाताशी चार पैसे जमलेले असतात आणि असा फ्लॅट म्हणजे घरही होईल, वेळ पडली तर दुकानही होईल, असा त्याचा विचार असतो.

विचार चुकीचा नाही. आम्ही स्वतः असा फ्लॅट घेतलेला आहे. परंतु तो घेताना आम्ही जी गफलत केली, ती आमच्या वाचक बंधूंनी करू नये म्हणून हा लेख लिहीत आहोत. फ्लॅटची किंमत भिंतींवरून ठरते, पण मालकी सह्यांवरून ठरते, ही गोष्ट आम्हाला इसार देऊन झाल्यावर कळली.

स्टँड जवळ असण्याची किंमत

स्टँड किंवा स्टेशन जवळ असेल तर फ्लॅटला भाव जास्त मिळतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तो का मिळतो, याचा हिशेब मात्र थोडेच लोक करतात. आमच्यासारख्या कापडाच्या व्यापाऱ्याला सुरतेला जायचे तर रेल्वेगाडी धरावी लागते. मलकापूर मुंबई-हावडा मार्गावर असल्याने तेथे राहणाऱ्याला रात्री स्टेशनवर पायी जाता येते. बुलढाणा शहराला रेल्वेच नाही, त्यामुळे तेथे एसटी स्टँड हेच स्टेशन. खामगावला जलंबहून येणारा छोटा फाटा आहे. तो १८७० साली कापसासाठी टाकला गेला आणि आजही खामगावकराला मुख्य मार्गावर जायचे तर तो जलंबलाच नेतो.

बाहेरगावी कामाला किंवा शाळा-कॉलेजला जाणारे घरात दोन-तीन जण असतील, तर रोजच्या ऑटोचे पैसे वाचतात. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट झाले आणि ७५ वर्षांवरील वृद्धांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत झाला. तेव्हापासून शिक्षिका, नर्स, कॉलेजात जाणाऱ्या मुली असलेली कुटुंबे स्टँडजवळची जागा आवर्जून विचारतात. पुढे भाड्याने द्यायची झाली तरी अशी जागा रिकामी पडून राहत नाही. एवढ्यासाठी थोडा जास्त भाव देणे व्यवहाराला धरून आहे.

पण उद्या येणाऱ्या गाडीसाठी आज पैसे देऊ नयेत. खामगाव-जालना रेल्वेची मागणी इंग्रजांच्या काळापासून चालू आहे. आमच्या आजोबांनी ती ऐकली, आमच्या वडिलांनी ऐकली, आम्हीही ऐकत आहोत. या रेल्वेच्या नावावर चिखली, देऊळगाव राजा भागात प्लॉट आणि फ्लॅट विकणारे दलाल आम्ही पाहिले आहेत. रेल्वे यावी ही आमचीही इच्छा आहे, परंतु सौदा आजच्या रस्त्यावर करावा. रूळ पडतील तेव्हा भाव आपोआप वाढेल.

आणखी एक दक्षता घ्यावी. स्टँड आणि स्टेशनजवळचे रस्ते रुंद होण्याचा संभव जास्त असतो. म्हणून नगरपालिकेत जाऊन शहराच्या विकास योजनेचा भाग नकाशा आणि झोन दाखला मागावा. आपल्या इमारतीवरून डीपी रस्ता जात आहे काय, जागेवर एखादे आरक्षण आहे काय, हे त्यात दिसते. कागद थोड्या पैशात मिळतो आणि मोठे नुकसान टाळतो.

तळमजल्याचे गुण आणि दोष

तळमजल्याचा मोठा गुण म्हणजे जिना नाही. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना, अपंग भावाला, लहान मुलांना तो सोयीचा. नळाचे पाणी कमी दाबाने आले तरी खाली आधी मिळते. आपल्या जिल्ह्यात नळाला रोज पाणी येतेच असे नाही, त्यामुळे ही गोष्ट लहान नव्हे.

दोषही तेवढेच आहेत. मलकापूर, नांदुरा, खामगाव या पट्ट्यात जमीन काळी आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल किंवा खाली मुरूम नीट भरला नसेल, तर सर्वांत आधी तळमजल्याची फरशी उचलते आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात. नुकताच रंग दिलेला फ्लॅट विकायला असेल तर खरेदीदाराने सावध व्हावे आणि शेजारच्या फ्लॅटच्या भिंती पाहाव्यात. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथे बोअरच्या खाऱ्या पाण्यावर बांधकाम झाले असेल तर भिंतींना लोणा लागतो, प्लास्टर भुकटी होऊन गळते. आमच्या धंद्यात याला फार महत्त्व आहे, कारण ओलसर भिंतीला लावलेल्या थानांवर एका पावसाळ्यात डाग पडतात.

रस्त्याची उंची जरूर पाहावी. रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढतो, घर मात्र आहे तेथेच राहते. जोते आज रस्त्यापेक्षा फूटभरच उंच असेल, तर दोन थरांनंतर पाणी उंबऱ्यापर्यंत येईल. म्हणून असा फ्लॅट मे महिन्यात पाहून सौदा करू नये. एक तरी मोठा पाऊस पडल्यावर सकाळी जाऊन पाहावा, नाली कोणत्या बाजूला वाहते ते पाहावे, आणि वरच्या मजल्याच्या संडास-बाथरूमचा पाइप आपल्या छतातून कोठून जातो तेही पाहावे.

क्षेत्रफळाबाबतही स्पष्ट बोलावे. दलाल "सहाशे फूट" म्हणतो, त्यात जिना, ओटा, भिंतींची जाडी सर्व धरलेले असते. आपण टेप घेऊन जावे. आपण कापड मोजणारी माणसे, आपल्याला मोजायला लाज कसली? आतली वापरायची जागा, म्हणजे कार्पेट क्षेत्र, किती ते मोजून करारात तोच आकडा लिहून घ्यावा.

पार्किंगमधला फ्लॅट

तळमजल्याच्या बाबतीत एक धोका असा आहे की तो वरच्या मजल्यांना नसतो. पुष्कळ इमारतींच्या मंजूर नकाशात तळमजला हा खांबांवर उभा, मोकळा, गाड्या लावण्यासाठी दाखवलेला असतो. इमारत पूर्ण झाली की बांधणारा खांबांमध्ये भिंती घालतो, शटर किंवा दार बसवतो आणि तो भाग फ्लॅट म्हणून विकतो. दिसायला तो फ्लॅटच असतो. वीज असते, नळ असतो, घरपट्टीची पावतीही असते. परंतु कायद्याच्या नजरेत ते वाहनतळच राहते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईच्या पंचाली गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात स्पष्ट केले की इमारतीखालचे असे वाहनतळ हा फ्लॅट नव्हे आणि बिल्डरला ते वेगळे विकता येत नाही. तो सर्व रहिवाशांच्या सामाईक वापराचा भाग आहे. तेव्हा तळमजल्याचा फ्लॅट घेताना सर्वांत आधी नगरपालिकेने मंजूर केलेला नकाशा मागावा आणि त्यात तुमची खोली खोली म्हणून दाखवली आहे का, ते पाहावे. सोबत भोगवटा प्रमाणपत्र मागावे. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. कर अनधिकृत बांधकामावरही आकारला जातो.

येथे रेरा कायद्याबद्दल दोन शब्द सांगणे जरुरीचे आहे. २०१६ चा हा कायदा ग्राहकाच्या हिताचा आहे खरा, परंतु ज्या प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही किंवा ज्यात ८ पेक्षा जास्त फ्लॅट नाहीत, त्याला नोंदणीची सक्ती नाही. आपल्या तालुक्याच्या गावातील बऱ्याच इमारती एवढ्याच असतात. तेव्हा "रेरा आहे ना" म्हणून निर्धास्त होऊ नये. जेथे रेरा नाही तेथे आपणच आपले रेरा व्हायचे.

जमिनीचा कागद

फ्लॅट हवेत नसतो, तो कोणाच्या तरी जमिनीवर उभा असतो. जेथे नगर भूमापन झाले आहे तेथे आखीव पत्रिका काढावी. इतर ठिकाणी सातबारा आणि अकृषक आदेश पाहावा. विदर्भातील शहरांत नझूलची जमीनही आहे. नझूल हा शब्द आपल्या उर्दूतलाच, अर्थ सरकारच्या मालकीची शहरी जमीन. ती पट्ट्याने दिलेली असते, पट्ट्याची मुदत असते, शर्ती असतात. पट्टा संपला आहे का, नूतनीकरण झाले आहे का, विक्रीला परवानगी लागते का, हे विचारल्याशिवाय अशा जागेवरील फ्लॅट घेऊ नये. काही वस्त्या गुंठेवारीच्या प्लॉटवर उभ्या आहेत. गुंठेवारीसाठी २००१ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमित करण्याची सोय झाली आहे. परंतु सोय असणे वेगळे आणि त्या प्लॉटचा नियमितीकरणाचा दाखला हातात असणे वेगळे.

मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या आसपासची जागा असेल तर वक्फच्या यादीत ती आहे काय, हेही तपासावे. वक्फची जागा विकता येत नाही. ती विकणारा आपल्या जमातीचा असला आणि भाव स्वस्त असला तरी ती घेणारा शेवटी पैसे घालवतो. आणि प्रश्न केवळ पैशाचा नाही.

आता मुख्य गोष्ट : वारस

वर सांगितलेले सर्व आम्ही आमच्या परीने पाहिले होते. २०१२ साली मलकापुरात स्टेशनपासून दहा मिनिटांच्या वाटेवर तळमजल्याचा दोन खोल्यांचा एक फ्लॅट विकायला निघाला. आमच्या अम्मीला गुडघ्यांमुळे जिना चढता येत नव्हता, म्हणून आम्ही तो पाहिला. आत मोजून ४१० फूट जागा भरली. नकाशात खोल्या होत्या, पार्किंग नव्हते. भिंती कोरड्या होत्या. किंमत ९ लाख ६० हजार ठरली. विकणाऱ्याचे वडील वारले होते आणि फ्लॅट त्यांच्याच नावावर होता. थोरला मुलगा सौदा करत होता. आम्ही त्याला एक लाख इसार दिला आणि शंभराच्या स्टॅम्पवर त्याची सही घेतली. आमच्या नजरेत सौदा पक्का झाला.

खामगावच्या आमच्या वकिलांना आम्ही तो कागद दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न केला, "बहिणी किती आहेत?" आम्ही थोरल्याला विचारले. तो म्हणाला, "भाईसाहेब, दोन आहेत. पण त्यांची लग्ने केली, जहेज दिले. आता त्यांचे काय राहिले?" खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हालाही त्याचे म्हणणे पटले. आमच्या कानांना ते वाक्य नवे नव्हते.

परंतु ते वाक्य शरियतला धरून नाही आणि कायद्यालाही धरून नाही. मुसलमानांच्या वारसाला १९३७ च्या कायद्याने शरियत लागू आहे आणि शहरातील फ्लॅटला तर ती निःसंशय लागू आहे. आपल्याकडे एकत्र कुटुंबाचा कर्ता असा कोणी नसतो. माणसाचे डोळे मिटले की त्याचा कफन-दफनाचा खर्च, कर्ज, बायकोची बाकी मेहेर आणि कायदेशीर वसीयत बाजूला काढून जे उरेल, त्यात प्रत्येक वारसाचा हिस्सा त्याच घडीला वेगळा ठरतो. थोरला भाऊ फक्त आपला हिस्सा विकू शकतो. बहिणीचा हिस्सा विकण्याचा अधिकार त्याला जहेज दिल्याने येत नाही.

हिशेब असा. मागे विधवा, दोन मुलगे आणि दोन मुली असतील तर मालमत्तेचे ४८ भाग करावेत. विधवेला आठवा हिस्सा म्हणजे ६ भाग. उरलेले ४२ भाग मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात. प्रत्येक मुलाला १४, प्रत्येक मुलीला ७. आमच्या सौद्यात एक भाग २० हजारांचा होता. म्हणजे विधवेचे १ लाख २० हजार, मुलांचे २ लाख ८० हजार प्रत्येकी आणि मुलींचे १ लाख ४० हजार प्रत्येकी. आम्ही ज्याच्या एका सहीवर संपूर्ण फ्लॅट घेणार होतो, तो त्यातल्या ४८ पैकी १४ भागांचाच मालक होता.

पुढे आणखी एक गोष्ट निघाली. धाकटा भाऊ वडिलांनंतर दोन वर्षांनी वारला होता. त्याची बायको होती आणि अकरा वर्षांचा एक मुलगा. धाकट्याचे १४ भाग पुन्हा वाटले गेले. त्याच्या बायकोला आठवा हिस्सा, त्याच्या आईला सहावा आणि बाकी त्या मुलाला. मुलाच्या वाट्याला जवळजवळ १ लाख ९८ हजार येत होते. थोरला म्हणाला, "मुलाच्या वतीने त्याची आई सही करेल." वकील म्हणाले, "करेल, पण ती चालणार नाही."

ही गोष्ट आपल्यातील पुष्कळांना ठाऊक नाही. मुस्लिम कायद्यात आई मुलाला सांभाळते, परंतु त्याच्या मालमत्तेची ती आपोआप पालक नसते. बाप, बापाने नेमलेला माणूस, आजोबा किंवा आजोबांनी नेमलेला माणूस, एवढेच कायदेशीर पालक. १९१८ साली प्रिव्ही कौन्सिलने इमामबंदीच्या खटल्यात हे ठरवून दिले आहे. दुसऱ्या कोणाला अज्ञानाचा हिस्सा विकायचा असेल तर १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याप्रमाणे न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो आणि विक्रीची परवानगी घ्यावी लागते. चाचाने किंवा आईने परस्पर सही केली तर तो मुलगा सज्ञान झाल्यावर येऊन आपला हिस्सा मागू शकतो. त्या वेळी खरेदीदार काय सांगणार? "मी तुझ्या चाचाला पैसे दिले" हे उत्तर नव्हे.

आम्ही आधी धाकट्या बहिणीकडे अकोटला गेलो. तिला सौद्याची खबरच नव्हती. चहा पाजून ती म्हणाली, "भाईजान, मी भावाशी भांडणार नाही. पण अब्बांच्या घराचा सौदा मला परक्या माणसाकडून कळावा, याचे दुःख झाले." आमच्याजवळ उत्तर नव्हते. तिने हिस्सा सोडला नाही आणि आम्हीही तसे सुचवले नाही. दोघी बहिणी, विधवा आई आणि थोरला यांनी शेवटी खरेदीखतावर सह्या केल्या आणि प्रत्येकाचा पैसा त्याच्या त्याच्या नावाच्या चेकने दिला. मुलासाठी त्याच्या आईने न्यायालयात अर्ज केला. परवानगी मिळायला तेरा महिने गेले. न्यायालयाच्या हुकमाप्रमाणे मुलाचे पैसे त्याच्या नावाने बँकेत ठेवले गेले. तेरा महिने आमचा लाख रुपये अडकून राहिला आणि अम्मी वरच्या मजल्यावरच राहिल्या. तरी आज वाटते, ते तेरा महिने स्वस्तात गेले.

वारस कसे शोधावेत

मालक वारलेला असेल तर खरेदीदाराने पुढील गोष्टी कराव्यात. कुटुंबाचे जुने राशन कार्ड पाहावे, त्यात लग्नाआधीच्या मुलींची नावे सापडतात. मोहल्ल्यातील दोन वृद्ध माणसांना विचारावे. सर्व वारसांचे शपथपत्र घ्यावे. वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी आणि हरकतींसाठी पंधरा दिवस ठेवावेत. फेरफारात फक्त भावांची नावे असली तरी भुलू नये, कारण फेरफार हा करासाठीचा कागद आहे, त्याने बहिणीचा हक्क बुडत नाही. बहीण स्वखुशीने हिस्सा सोडत असेल तर हक्कसोड पत्र लेखी आणि नोंदणीकृत असले पाहिजे. तोंडी "माफ केला" चालत नाही.

"अब्बांनी मला हिबा केला होता" असे विकणारा सांगेल. हिबा तोंडीही होतो, हे खरे. परंतु त्याला देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि प्रत्यक्ष ताबा या तीनही गोष्टी लागतात. अब्बा मरेपर्यंत घर त्यांच्याच ताब्यात असेल तर शंका घ्यावी आणि इतर वारसांच्या सह्या "संमती देणार" म्हणून घ्याव्यात. वसीयत दाखवली तर लक्षात ठेवावे की वसीयत एक तृतीयांशपर्यंतच चालते, आणि वारसाच्या नावे केलेली वसीयत इतर वारसांनी मृत्यूनंतर मान्य केल्याशिवाय चालत नाही.

पैसे आणि नोंदणी

आपल्यातील बरेच लोक व्याज नको म्हणून बँकेचे कर्ज घेत नाहीत. त्याचा एक परिणाम लक्षात येत नाही. कर्ज घेणाऱ्याचे कागद बँकेचा वकील तपासतो. रोख बचतीवर घेणाऱ्याचे कागद कोणीच तपासत नाही. तेव्हा कर्ज न घेणाऱ्याने स्वतःचा वकील लावून तीस वर्षांचा शोध अहवाल घेतलाच पाहिजे. दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोनवरून मागचे सौदे आणि नोंदलेले गहाणखत दिसतात. विकणाऱ्याशी हप्ते ठरले असतील तर हप्त्यांच्या तारखा नोंदणीकृत करारनाम्यात लिहाव्यात.

रोखीचा मोह टाळावा. १ जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. इसारही त्यात आला. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. आणि देणाऱ्याजवळ पुरावा राहत नाही, ते नुकसान वेगळेच. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते, म्हणून कागदावर किंमत कमी दाखवून फारसे काही साधत नाही. नोंदणी फी १ टक्का आहे आणि ती ३० हजारांच्या वर जात नाही. राहण्याची जागा फक्त स्त्रीच्या नावे घेतली तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे.

करारनामा, इसार पावती किंवा मुखत्यारपत्र यांनी मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात पुन्हा बजावले आहे. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते. सही झाल्यापासून चार महिन्यांत ते नोंदवावे.

दुकान करायचे असेल तर

तळमजला घेणाऱ्याच्या मनात शटर असतेच. राहण्याच्या फ्लॅटचे दुकान किंवा गोदाम करायचे तर नगरपालिकेची वापर बदलाची परवानगी आणि सोसायटी असेल तर तिची संमती घ्यावी. घरगुती मीटरवर दुकान चालवले तर २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. आमच्या कापड व्यवसायातील बंधूंना एक विनंती आहे. वर माणसे झोपतात त्या खोलीखाली थानांचे ढीग रचू नयेत. कापडाला लागलेली आग जिन्याने वर जाते आणि खाली उतरायला दुसरी वाट नसते.

शेवटी

खरेदीखत झाले त्या रात्री आम्ही आमच्या स्वतःच्या दुकानाची आखीव पत्रिका काढून पाहिली. वडिलांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. पत्रिकेवर आमचे आणि आमच्या भावाचे नाव होते. बहिणीचे नव्हते. ते आम्ही मुद्दाम गाळले नव्हते, पण कोणी घालायला सांगितलेही नव्हते. दुसऱ्या महिन्यात अर्ज देऊन तिचे नाव चढवले. ती म्हणाली, गरज नव्हती. आम्ही म्हणालो, होती.

मलकापूरचा फ्लॅट आम्ही अम्मीच्या नावे घेतला होता. अम्मी तेथे सहा वर्षे राहिल्या. स्टेशन जवळ, म्हणून बहीण पॅसेंजरने येऊन दिवसभर त्यांच्याजवळ बसे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाई. अम्मी गेल्यावर त्या फ्लॅटचे पाच भाग झाले. दोन भावाचे, दोन आमचे आणि एक बहिणीचा. या वेळी वकिलाने आठवण द्यावी लागली नाही.

तेव्हा स्टँडजवळचा तळमजला जरूर घ्यावा. पाऊस पडल्यावर भिंती पाहाव्यात, नकाशा पाहावा, जमीन पाहावी. परंतु इसार खिशातून काढण्याआधी विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारावा : "तुमच्या बहिणी किती, आणि त्या कोठे राहतात?" तो प्रश्न ऐकून विकणारा रागावला, तर सौदा तेथेच सोडावा.